गाव बांधलं त्या दिवशीची टिकटिक

वाघाला मी भीत नाही, हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. आमच्या वेडमकसा गावाच्या तळ्यात मी जाळं घेऊन उतरलो की पलीकडच्या काठावर पाणी पिणारा वाघ आधी मान वर करतो, हा इस्तारीच आहे ना याची खात्री करून घेतो आणि अर्ध्या तहानेनं निघून जातो. अस्वलाचं तर बोलतच नाही. ते बिचारं मला कंटाळून आलापल्लीकडं राहायला गेलं. असा मी माणूस. पण यंदाच्या उन्हाळ्यात एका लॅपटॉपला असा भ्यालो की हात अजून जाळ्याच्या गाठीवर स्थिर राहत नाही.

लॅपटॉप मोनालीचा. मोनाली म्हणजे झिंगूची नात, आणि झिंगू म्हणजे आमच्या गावचा गायता. देवाधर्माचं, हद्दीचं, पेरणीचं सगळं गायत्याच्या शब्दावर चालतं. तो गोंड, मी ढिवर. तो जंगलाचा, मी पाण्याचा. एकमेकांना शिव्या देण्यात आमचा जन्म गेला आणि त्यात दोघांचंही काही वाईट झालं नाही.

मोनाली चंद्रपुरात कॉम्प्युटर शिकून परत आली, तेव्हा ग्रामसभेनं तिच्यावर एक काम टाकलं. गावाच्या जंगलाची हद्द नकाशावर आणायची आणि तो नकाशा अहेरीच्या कचेरीत नेऊन द्यायचा. हद्द म्हणजे काय, तर जुन्या माणसांनी पुरलेले दगड. कुठला वारुळात गेलेला, कुठला नाल्याच्या वाळूत, कुठल्यावर एवढा मोठा येन वाढलेला की दगडानंच झाड धरून ठेवलंय असं वाटावं. हे सगळे दगड माहीत असलेला एकच माणूस होता, सोमारीचा नवरा लालसू. मोनालीनं त्याला बरोबर घेऊन अख्खा हिवाळा जंगल पालथं घातलं. प्रत्येक दगडापाशी फोटो काढला, जागा टिपली, हा दगड कोणी पुरला ते लालसूच्या तोंडून बोलवून घेतलं. सगळं त्या लॅपटॉपमध्ये गेलं. आणि पुढच्या थंडीत लालसू गेला. दगड आपापल्या जागी आहेत, पण त्या जागा आता फक्त त्या काळ्या डब्याला ठाऊक.

एक नक्कल होती. पेन ड्राइव्हवर करून मोनालीनं ती सोमारीच्या घरी कोनाड्यात ठेवली होती. ती सोमारीच्या बकरीनं खाल्ली. तेव्हापासून ती बकरी गावाच्या हद्दीबाहेर चरायला जात नाही, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. मी फक्त पाहिलं.

तर अहेरीला नकाशा द्यायची तारीख तोंडावर आली आणि लॅपटॉपच्या पोटातून आवाज यायला लागला. टिक. मग थोडं थांबून पुन्हा टिक. मोनाली पळत गेली टॉवरमोहाकडं. आमच्याकडं मोबाइलला रेंज मिळते ती गावाबाहेरच्या एकाच मोहाच्या झाडाखाली, म्हणून ते नाव. तिथून तिनं फोन लावला माझ्या भाच्याला. निकेश बल्लारपूरला लॅपटॉप दुरुस्त करतो. मी शेजारी उभा होतो, मोबाइल स्पीकरवर होता.

निकेशनं आवाज ऐकला आणि एकदम आवाज खाली करून बोलला, जसा आजाऱ्याच्या खाटेपाशी बोलावा तसा. "मोनालीबाई, याले बंद करू नका. बुढा बैल बसला की उठत नाई ना, तसं आहे हे. डिस्क फिरते तोवर फिरू द्या. एकदा थांबली तं पुन्हा फिरनार नाई. अन् तिच्यावर काही लिहू नका. एकेक अक्षर लिहिताना तिची सुई घासून राह्यली. आतलं सारं एकच डाव वाचून निघल, तेही नवीन डिस्क जोडून. मी उद्या घेऊन येतो. तोवर हात लावू नका."

"मोबाइलमध्ये थोडं थोडं उतरवू का?"

"थोडं थोडं करताच ती मरल. अन् तुमच्या गावच्या मोबाइलमध्ये जागा कुठी आहे? सारे नाचाच्या व्हिडिओनं भरले."

हे खरं होतं.

म्हणजे बंद करायचा नाही आणि काम करू द्यायचं नाही. श्वास चालू, हातपाय बंद. मोनाली परत आली, लॅपटॉप गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, सोलरच्या वायरीला लावून ठेवला आणि त्याच्यापासून एवढी दूर बसली, जणू तो झोपलेला नाग आहे.

त्याच दिवशी, दिवे लागायच्या आत, वाघिणीनं दिनेशचा बैल मारला. जंगलात नव्हे, दिनेशच्या खळ्यामागं. बैल ओढत नेल्याची वाट खळ्यापासून बांधापर्यंत दिसत होती, आणि त्या वाटेवर उभं राहिलं की दिनेशची चूल दिसत होती. चुलीपाशी त्याची बायको होती. झिंगू एवढंच म्हणाला, "उद्या गाव बांधू."

गाव बांधणं म्हणजे काय ते सांगतो. गावावर संकट आलं की गायता पहाटे गावाभोवती फिरतो. राख टाकतो, सूत ओढतो, वाटांवर भेलव्याच्या, म्हणजे बिब्ब्याच्या, डहाळ्या रोवतो. सूर्य वर आला की गाव बांधलं गेलं. मग सूर्य बुडेपर्यंत आतला बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही, आणि सुतावरून एका हातातून दुसऱ्या हातात काही जात नाही. कोणी कांडायचं नाही, दळायचं नाही, कुऱ्हाड उचलायची नाही, विहिरीत बादली सोडायची नाही. आदल्या दिवशीचं शिळं खायचं आणि बसायचं. गावातलं एक जरी काम चालू राहिलं तरी बांध सुटतो आणि ज्याला बाहेर ठेवायचं त्याला आत यायला वाट मिळते. माझ्या घरच्यांचा देव वेगळा, पण मी त्या दिवशी जाळ्याची गाठसुद्धा मारत नाही. वाघिणीला कोण कुठल्या देवाचा हे कुठं माहीत असतं?

ठरेपर्यंत अंधार पडला होता. टॉवरमोहापाशी जाऊन निकेशला 'येऊ नको' म्हणून सांगायची कोणाची छाती झाली नाही. माझी झाली असती, पण माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता.

सकाळी गाव बांधलं गेलं. गाव गप्प झालं म्हणजे किती गप्प झालं, तर सोमारीच्या परसात वाळत घातलेल्या मिरच्या उन्हानं तडकताना मला माझ्या ओट्यावर ऐकू येत होत्या. कुत्रीसुद्धा तोंड मिटून. आणि त्या शांततेत गोटुलातून आवाज आला.

टिक. टिक टिक. टिक.

लोक आपापल्या दारात उभे राहिले. काल थांबून थांबून येणारा आवाज आज दम न घेता चालला होता. झिंगू काठी टेकत गोटुलापाशी आला.

"कोन काम करून राह्यलं इथी?"

"कोनी नाई, आजा." मोनाली दारात उभी होती. ओढणीचं टोक तिनं दातात धरलं होतं. "मी हात नाई लावला. कालपासून कोनीच नाई लावला."

"मंग कोन लिहिते?"

लॅपटॉपवरचा बारका दिवा लुकलुकत होता. समोर कोणी नाही, बटणं हलत नाहीत आणि आत कोणीतरी भराभर लिहितंय. मी बघत राहिलो. मानेमागून एक गार थेंब निघाला आणि पाठीच्या कण्यावरून सावकाश खाली गेला. अर्ध्यात थांबला. मी शपथेवर सांगतो, थांबला, आणि परत वर चढला.

सोमारी मागं येऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "आमचा बुढा असल. दगड मोजून राह्यला. एखादा सुटला का म्हून."

बायका दोन पावलं मागं सरल्या.

"बंद कर," झिंगू म्हणाला.

"बंद केला तं पुन्हा चालू नाई होनार. सारी हद्द जाईल, आजा. लालसू आजा पुन्हा येऊन दाखवनार आहे का?"

"अन् चालू राह्यला तं बांध सुटल. दिनेशची चूल दिसत होती काल, तुले मालूम आहे."

दोघंही खरं बोलत होते. मला भीती वाटली ती त्याचीच.

तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला. आमचा निकेश. डोक्यात हेल्मेट, पाठीवर बॅग, बॅगेत नवी डिस्क. तो सुतापाशी आला आणि माझी हाक ऐकून डहाळीच्या पलीकडंच थांबला.

"मामाजी, हे काय लावलं?"

"गाव बांधलं आहे. आत येऊ नको."

"मंग मी जाऊ वापस?"

"वापसही जाऊ नको. काल वाघिणीनं बैल मारला. याच रस्त्यानं गेली ती."

निकेशनं हेल्मेटची काच खाली केली. वाघिणीला त्यानं काय फरक पडणार होता कोण जाणे.

मोनाली धावत सुतापर्यंत आली आणि मागोमाग आलेल्या आजोबाचे पाय धरले. "एक मिनिट सोड, आजा. तो आत येते, पुन्हा बांध. तिची अवस्था पाह्य, सांजेपर्यंत नाई टिकनार ती डिस्क."

म्हातारा हट्टी आहे, पण त्या वेळी काठी खाली ठेवून त्यानं नातीला हातानं उठवलं. "पोरी, तू नकाशावर जी हद्द दाखवून राह्यली, ते आमी पाळतो म्हून हद्द आहे. आज मीच सूत तोडलं तं अहेरीत कोनती हद्द दाखवशील? आत कोनी नाई येनार. त्याले तिथूनच सांगू दे काय सांगते ते."

असं ठरलं. निकेश सुताबाहेर, मोनाली गोटुलात लॅपटॉपपुढं आणि मध्ये पाटलाच्या पडक्या ओट्यावर मी. माझा आवाज तळ्याच्या या काठावरून त्या काठाला जातो. एकदा मी बायकोला हाक मारली तर सिरोंच्यातून एका बाईनं तेलगूत ओ दिली होती. त्यामुळं हे काम माझ्याकडंच येणार होतं.

निकेश ओरडला, "तिले म्हना, आधी कोन लिहिते ते पाह्य. डेटाबेसले विचार, कोन कोन जोडलं आहे म्हना."

मी तसंच गोटुलाकडं ओरडलो. मोनालीनं एका बोटानं, काच फुटेल अशा बेतानं, काहीतरी विचारलं. डिस्क खरवडली. टिक टिक टिक. मग तिचा आवाज आला, आणि तो रडका होता.

"आबाजी, सारे मोबाइल जोडले आहेत. गावातले सारे."

मग ती काय ते सांगत गेली आणि मी ते पुढं ओरडत गेलो, आणि ओरडता ओरडता मला कळत गेलं. आमच्याकडं जंगलात मोहफुलाला, तेंदूपत्त्याला माणसं गेली की अधूनमधून 'कू' घालतात. ऐकणारा 'कू' देतो. ज्याचा 'कू' आला नाही त्याला शोधायला सगळे निघतात. मोनालीनं हेच मोबाइलमध्ये बसवलं होतं. जंगलातून परतलेल्याचा मोबाइल गोटुलाच्या वायफायमध्ये आला की तो लॅपटॉपला म्हणतो 'मी आहे', आणि लॅपटॉप दगडांच्याच डेटाबेसमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या वहीत, लिहितो, 'आहे'. थोड्या वेळानं पुन्हा 'मी आहे', पुन्हा 'आहे'. सांजेला पाहिलं की कोण परतलं नाही ते कळतं. एरवी दिवसभर माणसं रानात, तेव्हा लॅपटॉप बसून असायचा. आज गाव बांधलेलं. एकही माणूस बाहेर नाही. अख्खं गाव आराम करत होतं, आणि आराम करणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातून त्या मरणाऱ्या डिस्कला हाक जात होती, मी आहे, मी आहे, मी आहे.

मी माझ्या खिशाला हात लावला. तिथूनही जात होती.

"मोबाइल बंद करा," झिंगू म्हणाला. कधी नव्हे तो आवाज चढवून. "साऱ्यायनं. बंद करून इथी आणून ठेवा."

मोबाइल गोळा व्हायला लागले. एका टोपल्यात, जसे मासे टाकावेत. दिनेशकडं दोन निघाले. त्याच्या बायकोला दुसऱ्याचं माहीत नव्हतं, पण त्यावर बोलायची ती वेळ नव्हती. तिनं फक्त त्याच्याकडं एकदा पाहिलं. वाघिणीपेक्षा वाईट नजर होती ती.

टिकटिक विरळ होत गेली. टिक. मग बराच वेळ काही नाही. लोकांनी श्वास सोडला. आणि पुन्हा टिक.

"आता कोन?" झिंगूनं विचारलं. मी निकेशला विचारलं.

"आता डेटाबेस सोता," निकेश ओरडला. त्याची नजर आमच्याकडं नव्हती, रस्त्याच्या कडेच्या बांबूकडं होती. "तो चौकीदारासारखा आहे, मामाजी. कोनी आलं नाई तरी उठून फेरी मारते अन् फेरी मारली म्हून लिहिते. झाडलोट करते, ते लिहिते. किती लोक आले ते मोजते, ते लिहिते. डोक्यात जे असल ते घडीघडी डिस्कवर उतरवते, न जानो लाइट गेली तं."

"मंग डेटाबेसच बंद कर म्हनू का तिले?"

"नाई नाई नाई. बंद होताना तो उरलंसुरलं सारं एका दमात लिहिते. तेवढ्यात ती जाईल. त्याले बसवा. झाडलोट नको म्हना. मोजदाद डोक्यातच ठेव म्हना. उतरवाचं काम सांजेनंतर कर म्हना. मी सांगतो तशा ओळी टाकाले सांगा."

तो ओळी सांगायला लागला आणि मी त्या गोटुलाकडं पोचवायला लागलो. त्या काय होत्या ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्या दिवशी मी त्या अशा खणखणीत आवाजात म्हटल्या की तळ्याकडंची बगळ्यांची रांग उडाली. मोनालीनं सगळं टाकलं आणि मग थांबली. ती दारात आली.

"आबाजी, त्याले विचारा. हे जतन कराचं म्हनजे लिहिनंच झालं ना?"

मी विचारलं तसं निकेश म्हणाला, "हो. लिहू नको हे सांगाले एक डाव लिहा लागते."

आता दोन भीत्या एका जागी आल्या. एक, त्या एका लिहिण्यात सुई अडकली तर खेळ तिथंच संपला. दुसरी, बांधलेल्या दिवशी जाणूनबुजून केलेलं काम. मोनाली झिंगूकडं बघत होती. सोमारी झिंगूकडं बघत होती. गावच बघत होतं.

झिंगू म्हणाला, "हे लिहिलं की तो गप्प बसल?"

"हो, आजा."

"सूर्य बुडेपर्यंत?"

"हो."

"मंग हे काम नव्हे. हे बांधनं आहे. बांधाचं काम बांधलेल्या दिवशी चालते, नाईतं मी सकाळी काय केलं?" आणि तो आत आला. मुठीतली राख त्यानं लॅपटॉपभोवती टेबलावर गोल टाकली, सुताचा एक फेर राखेवर ठेवला. लॅपटॉपला हात लावला नाही. डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. मला गोंडी येते, पण त्यातला एक शब्द मी आधी कधी ऐकला नव्हता. "आता कर," तो म्हणाला.

त्याच क्षणी रस्त्याकडच्या झाडांवर माकडं खोकली. जंगलात राहणाऱ्याला ते खोकणं सांगावं लागत नाही. पाठोपाठ चितळाचा आवाज, तीक्ष्ण, दोनदा. वाघीण चालत होती, आणि रस्त्याच्या बाजूनं चालत होती.

"मामाजी," निकेश म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, तरी मला ऐकू आलं.

"झाडावर चढ. मोहावर. बॅग घेऊन चढ."

"मी बल्लारपूरचा आहे, मामाजी. मी शिडीनं चढतो."

पण चढला. टॉवरमोहावर हेल्मेटसकट असा चढला की माकडांनी सरकून जागा दिली. मी गोटुलाच्या दिशेनं तोंड केलं. मोनालीचं बोट बटणाच्या वर अडकलं होतं. खाली येत नव्हतं.

"दाब, पोरी," मी म्हणालो.

तिनं दाबलं.

डिस्क किंचाळली. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज, लांबच लांब. सोमारीनं कानावर हात ठेवले. मग टक्क असा एक आवाज झाला, दिवा विझला आणि सगळं थांबलं.

ती शांतता मी सांगू शकत नाही. टिकटिकीची भीती बरी होती; तिच्यात कोणीतरी जिवंत होतं. आता समजायचं काय? ऐकलं म्हणून गप्प बसली, की मेली म्हणून? विचारायला बटण दाबावं तर तेच लिहिणं. मोनाली हात मांडीत घेऊन बसली. तिचे डोळे कोरडे होते आणि मोठे झाले होते.

"इस्तारी, तू ऐक," झिंगू म्हणाला. "पान्याखालचं ऐकतोस ना, असं सांगत फिरतोस."

मी राखेच्या बाहेर कान नेला. आधी माझंच काळीज ऐकू आलं. ते बाजूला सारलं. मग खाली, खूप खाली, तळ्याच्या गाळात मुरेल मासा बसलेला असताना पाणी जेवढं हलतं, तेवढा आवाज. सूंऽऽ. एकसारखा.

"फिरते आहे," मी म्हणालो.

खरंच फिरते आहे की मला तसं ऐकायचं होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पण मोनालीनं ओढणीत तोंड लपवलं आणि मी पुढं काही बोललो नाही.

मग दिवस उरला होता तो सगळा बसून काढायचा. कोणी खोकलं तर सगळे त्याच्याकडं बघत. लॅपटॉपचा दिवा एकदाही लुकलुकला नाही. बाहेर वाघीण आली. मी पाहिली नाही, निकेशनं वरून पाहिली. मोहाच्या बुंध्याशी आली, मोटरसायकलची सीट हुंगली, सुतापर्यंत गेली आणि थांबली. कान गावाकडं लावून उभी राहिली. निकेश म्हणतो ती ऐकत होती. गावात कोणी काही करतंय का, एवढंच ऐकत होती. मला विचाराल तर त्या वेळी आत एक जरी टिक झाली असती, तर आज मी हे लिहीत नसतो आणि तुम्ही दुसरं काहीतरी वाचत असता. पण टिक झाली नाही. ती सुताच्या कडेकडेनं गेली, एकदाही न ओलांडता, आणि नाल्याकडं उतरली.

सूर्य बुडाला. झिंगूनं सूत सोडलं. निकेशला खाली उतरवायला चार माणसं लागली, कारण त्याचे हात फांदी सोडायला तयार नव्हते. तो आत आला, पाणीसुद्धा न पिता लॅपटॉपपुढं बसला, कान लावला आणि माझ्याकडं पाहिलं.

"फिरून राह्यली, मामाजी."

"मले माहीत होतं," मी म्हणालो.

नवी डिस्क जोडली. वाचणं सुरू झालं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती आणि गाव त्या पट्टीकडं बघत होतं. मध्येच पट्टी थांबली. आतून घरघर आली. निकेशच्या कपाळावरचा घाम नाकावरून टपकला, पण त्यानं पुसला नाही, हात हलवायची त्याला भीती वाटत होती. पट्टी पुन्हा सरकली. सरकत सरकत कडेला लागली, आणि लागली तोच जुनी डिस्क एक लांब श्वास टाकावा तशी उतरत गेली, उतरत गेली आणि थांबली. नंतर निकेशनं बल्लारपुरात नेऊन खूप प्रयत्न केले. ती पुन्हा फिरली नाही.

पण ते कळायच्या आधी मोनालीनं नवीन डिस्क उघडली. एकेक दगड येऊ लागला. वारुळातला, वाळूतला, येनाच्या मुळातला. ती बोटानं मोजत गेली, ओठ हलवत. शेवटच्या दगडापाशी लालसू उभा होता, बोळक्या तोंडानं, कॅमेऱ्याकडं रागानं बघत, आणि त्याचा आवाज आला, "माझा फोटो काऊन काढतं, दगडाचा काढ ना."

सोमारी पुढं झाली. पडद्याला नाक लागेल एवढी. "दात लावून जा म्हनलं होतं त्याले," ती म्हणाली. आणि तिथंच खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोनाली अहेरीला निघाली. निकेश गाडी चालवत होता, मध्ये मोनाली, मागं मी, आणि माझ्या मांडीवर मासे ठेवायची टोपली, तिच्यात वाकळेत गुंडाळलेली ती डिस्क. रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला मी ढुंगण उचलून टोपली हवेत धरत गेलो. अख्खं जंगल मांडीवर होतं हो, दगडासकट. अहेरी येईपर्यंत माझे गुडघे असे आखडले की मी कचेरीच्या पायऱ्या बसल्या अवस्थेतच चढलो.

कचेरीतल्या बाबूनं डिस्क घेतली, नकाशा उघडून पाहिला, बराच वेळ पाहिला. मग चष्मा वर करून मोनालीला विचारलं, "याची दुसरी प्रत ठेवली आहे ना?"

"एक इकडं निकेशभाऊच्या बॅगेत आहे, सर," मोनाली म्हणाली. "एक गोटुलात. अन् एक सोमारी आजीनं पहाटे मागून घेतली. कुठी ठेवली ते ती कोनाले सांगत नाई."